पाच नऊ नऊ

“रिपोर्ट?”

होडेकर साहेबांनी संदेश ठोकायच्या पितळी चावीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि उजवीकडच्या बाकापासून विचारायला सुरुवात केली.

“पाच नऊ नऊ, साहेब,” सुर्वे म्हणाले.

“पाच नऊ नऊ,” त्यांच्या शेजारचे होमिओपॅथ डॉक्टर म्हणाले. त्यांच्या पलीकडच्या बँकेतल्या गृहस्थांनीही तेच सांगितले. मग माझी पाळी आली. माझ्या कागदावर मोजकी अक्षरे होती आणि त्यांच्यामध्ये लांबलचक कोऱ्या जागा. मी कॉलेजात भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, त्याच आठवड्यात मंडळात दाखल झालो होतो आणि प्रश्न उत्तरासाठी विचारला जातो, अशी माझी समजूत होती.

“साहेब, मला निम्म्याहून कमी लागलं,” मी म्हणालो.

खोलीत जरा चुळबुळ झाली. सुर्वे हसले. “प्रोफेसर नवीन आहेत, साहेब. कान तापायला वेळ लागतो.”

“प्रोफेसर नाही, डेमॉन्स्ट्रेटर.”

“तेच ते. तुम्हाला खुर्ची नसते, एवढाच फरक.”

“लागेल,” होडेकर साहेब शांतपणे म्हणाले. “ऐकत राहा. कान ही सवय आहे, शेट्ये.” मग त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिले. “सफिया?”

“पाच नऊ नऊ, अब्बा.”

तिचा कागद तेवढा भरलेला होता. बाकीचे आपापले कागद दुमडता दुमडता तिरक्या नजरेने त्यावरून आपल्या रिकाम्या जागा भरून घेत होते. सुर्वे तर उठून तिच्या मागेच जाऊन उभे राहिले. कोणाला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

हौशी रेडिओवाल्यांत त्या तीन आकड्यांना अर्थ आहे. पहिला आकडा संदेश किती वाचता आला ते सांगतो आणि तो पाचाच्या वर जात नाही. दुसरा संकेताचे बळ सांगतो, तिसरा सुराची शुद्धता. ते दोन्ही नऊपर्यंत जातात. पाच नऊ नऊ म्हणजे कशातही उणे नाही. परंतु समोरच्याचे निम्मे शब्द हवेत विरले असले, त्याचे नाव पुन्हा पुन्हा विचारावे लागले असले, तरी जाता जाता त्याला पाच नऊ नऊ देऊन टाकायचे, अशी रीत पडून गेली आहे. दारी आलेल्याला ‘बसा’ म्हणावे, तसे. मोजमापाचा शिष्टाचार झाला की त्यातली माहिती निघून जाते, हे मला तेव्हाही समजत होते. ती कोणाच्या वाट्याची निघून जाते, हे समजायला अवकाश होता.

ही गोष्ट रत्नागिरीची. मिरकरवाड्याला सुर्व्यांचे लाँचच्या इंजिनांच्या सुट्या भागांचे दुकान होते आणि त्याच्या माडीवर आमचे मंडळ भरे. खिडकीतून एक तार समोरच्या माडापर्यंत गेलेली, खालून डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास आणि टेबलावर एक बझर, एक स्पीकर आणि होडेकर साहेबांची चावी. इब्राहीम होडेकरांनी उभी हयात मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली होती. निवृत्त होऊन ते राजिवड्याला आले, काही वर्षांत पत्नी गेली आणि मग दर रविवारी सकाळी मोर्सची टिंब-रेषांची लिपी ऐकायला शिकवणे हेच त्यांचे जहाज झाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते येत. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरत. जहाज डोलते म्हणून लागलेली सवय, असे सगळे कौतुकाने सांगत. जमिनीवर येऊन इतकी वर्षे झाल्यावर ती सवय वाढत का चालली आहे, हे कोणी विचारत नसे.

सफिया त्यांची एकुलती एक मुलगी. ती बर्फाच्या कारखान्यात खिडकीवर बसून खलाशांना टोकने देई. एका सरकारी खात्याच्या किनाऱ्यावरच्या बिनतारी केंद्रात ऑपरेटरची जागा निघाली होती. मोर्स ऐकून लिहिण्याची परीक्षा मुंबईला होती आणि वयाच्या अटीत बसण्याचे तिचे ते शेवटचे वर्ष होते. मंडळात याची चर्चा निकाल लागल्यासारखी चाले.

“होडेकर साहेबांची मुलगी,” सुर्वे म्हणत. “तिची कसली परीक्षा घेणार? तिनंच त्यांची घ्यावी.”

मी माझ्या कानाला दोष देत राहिलो. पुण्याच्या एका मंडळाकडून मी सरावाच्या कॅसेटी मागवल्या. त्यांतले संदेश यंत्राने पाठवलेले होते. महिन्या-दोन महिन्यांत त्या मला लागू लागल्या, मग त्यांहून वेगाच्याही लागू लागल्या. रविवारी मात्र माझा कागद तसाच कोरा राही. एकच कान शनिवारी चांगला आणि रविवारी वाईट असू शकत नाही. तेव्हा बदल कानात नव्हता.

एका रविवारी मी टेपरेकॉर्डर नेला आणि साहेबांच्या परवानगीने त्यांचा धडा ध्वनिमुद्रित केला. प्राणिशास्त्र विभागात एक कायमोग्राफ होता. काजळी धरलेला कागद गुंडाळलेले पिंप त्यात सावकाश फिरते आणि बेडकाचा स्नायू आकसला की एक काडी त्या काजळीवर रेघ ओढते. मी ती काडी टेपच्या आवाजाला जोडली. टिंब वाजले की आखूड रेघ, रेष वाजली की लांब. आधी कॅसेटचा संदेश घेतला. तो विटांच्या भिंतीसारखा उमटला. मग साहेबांचा घेतला.

रेष टिंबाच्या तिप्पट हवी. ती कुठे दुप्पट होती, कुठे टिंबाएवढीच. तीन टिंबांच्या जागी चार होती, चारांच्या जागी पाच, पाचांच्या जागी सहा-सात. अक्षरांमधली अंतरे मिटून गेली होती. चावी दाबणारा हात थरथरत होता आणि प्रत्येक थरथर स्वतःचे एक जास्तीचे टिंब लिहीत होती. बेडकाच्या यंत्राने आपले नेहमीचेच काम केले होते. स्नायूची नोंद घेतली होती.

काजळी पुसू नये म्हणून कागद रोगणात बुडवून, वाळवून मी तो घेऊन बर्फाच्या कारखान्यात गेलो. दुपारची वेळ होती, खिडकीवर गर्दी नव्हती. आत लाद्या फोडणारे यंत्र गुरगुरत होते. सफियाच्या हाताशी भिंतीवर घंटेचे बटण होते. आतल्या हमालाला किती लाद्या काढायच्या ते ती त्यावर दाबून सांगे.

मी कागद उलगडला. तिने तो टोकनांच्या गठ्ठ्यावर पसरला आणि डावीकडून उजवीकडे बोट फिरवले.

“हा अब्बांचा,” ती म्हणाली.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“घरात कोण राहतं त्यांच्याबरोबर? तुम्ही?”

“मग तुम्हाला लागतं कसं?”

“लागतं.” तिने खांदे उडवले. “टिंबांची रांग लांबली की पाचाचा आकडा. जरा कमी लांबली की एस, तीन टिंबांचा. मध्ये अडखळले की तिथं रेष समजायची. रोज ऐकलं की समजतं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं घरच्यांना समजतं की नाही, तसं.”

“मुंबईच्या परीक्षेत संदेश यंत्र पाठवणार आहे.”

तिने बोट कागदावरून उचलले.

“यंत्राचं ऐकलंयत कधी?”

“एकदा. सुर्व्यांच्या रेडिओवर लागलं होतं. कुणी भराभर सुपारी कातरतंय, तसं वाटलं. एक अक्षर लागलं नाही.”

मी माझ्या कॅसेटींची गोष्ट सांगितली. कॉलेजची प्रयोगशाळा जेवणाच्या सुट्टीत रिकामी असे. ती येऊ शकत होती. शिपाई दारातच डबा खात बसे, त्यामुळे कोणी बोलण्यासारखेही काही नव्हते. तिने बराच विचार केला आणि विचारले, “कानाला लावायचं यंत्र आहे ना? बाहेर आवाज नको.”

ती येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने जे लिहिले ते मी तपासले तेव्हा मला माझेच पहिले कागद आठवले. होडेकरांच्या रविवारातले. फरक असा, की तिच्या कागदावर कोऱ्या जागा नव्हत्या. ती प्रत्येक अक्षर लिहीत होती आणि बहुतेक चूक. तीन टिंबे आली की ती दोन मानी, चार आली की तीन. वडिलांच्या हाताची वजाबाकी तिच्या कानात इतकी मुरली होती की निर्दोष संदेशातूनही ती नसलेली थरथर वजा करीत होती.

“मी वजा करतेय,” तिच्याही ध्यानात आले. “ते थांबवायचं.”

“जमेल?”

“बघू या, सर. तुम्ही नुसतं तपासा. चेहरा करू नका.”

तिचा कान असामान्य होता. हे मी आदराने नव्हे, तपासलेल्या कागदांवरून म्हणतो. चुका आठवड्यागणिक घटत गेल्या. परीक्षेला लागणाऱ्या मर्यादेच्या ती जवळ आली तेव्हा अजून हातात वेळ होता. तोवर मला उत्तर सोपे वाटत होते.

मग एका रविवारी होडेकर साहेबांनी नवा मजकूर घेतला. एरवी ते ठरलेले मजकूर पाठवत, एडनचे हवामान, कोलंबोत मालाची वाट पाहणारे जहाज, कप्तानाने मालकाला केलेली तार. ते कानावर इतके पडले होते की निम्मे तर आठवणीनेच लिहिता येत. त्या दिवशी मात्र त्यांनी पेपरातली बातमी घेतली. पाठवणे मध्यावर आले असताना शेवटच्या बाकावरून आवाज आला.

“अब्बा, पुन्हा?”

चावी थांबली. इतक्या वर्षांत सफियाने ‘पुन्हा’ म्हटले नव्हते. साहेबांनी तिच्याकडे पाहिले, मग चावीकडे, मग स्वतःच्या हाताकडे. तो त्यांनी टेबलाखाली घेतला.

“पंख्याचा आवाज येतोय,” सुर्वे लगबगीने म्हणाले. “बंद करतो, साहेब.”

पंखा बंद झाला. साहेबांनी तीच ओळ पुन्हा पाठवली. शेवटी त्यांनी “रिपोर्ट?” असे विचारले आणि सर्वांनी तो दिला.

दुसऱ्या दिवशी सफिया प्रयोगशाळेत आली ती दारातच उभी राहिली.

“मी आता येणार नाही, सर.”

“आता? तुम्ही जवळजवळ पोचलायत.”

“तुमचं लागायला लागलं तसं त्यांचं सुटायला लागलंय. दोन्ही एकदम राहत नाही कानात.”

“परीक्षेपर्यंत सुटलं तर सुटू दे. नंतर पुन्हा...”

“काल त्यांचा चेहरा बघितलात?” तिने विचारले. “रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, तुझं लक्ष कुठं असतं. मी म्हटलं, बर्फात.”

“हा तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“हो. तुम्ही अगदी बरोबर सांगताय,” ती म्हणाली. “तुमचं नेहमीच बरोबर असतं. ते उत्तर काढून त्याचा उपयोग काय करायचा, तेवढं सांगत नाही तुम्ही.”

ती गेली. परीक्षा अगदी तोंडावर आली होती.

त्याच आठवड्यात होडेकर साहेब स्वतः कॉलेजात आले. प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“शेट्ये, तुम्ही माझं रेकॉर्डिंग केलं होतं. त्याचं काय केलंत?”

मी कपाटातून दोन्ही कागद काढले. त्यांनी ते खिडकीपाशी नेले. वरचा यंत्राचा, खालचा त्यांचा. ते कोणी सांगायची गरज नव्हती.

“हे कुठल्या मशीनवर काढलं?”

“प्राणिशास्त्राच्या. बेडकाच्या स्नायूसाठी असतं ते.”

“मग बेडकाचा हात माझ्यापेक्षा बरा असेल,” ते म्हणाले आणि हसले. कागदाची गुंडाळी करताना ती त्यांना जमेना. मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि वेळ घेऊन स्वतःच केली.

“मग हे सगळे पाच नऊ नऊ कशाचं देतात?”

“रीत म्हणून, साहेब.”

“रीत मला शिकवू नका, मी ती तीन महासागरांवर पाळली आहे.” ते उठले. “दुसऱ्या दोन आकड्यांबद्दल तक्रार नाही ना? जोर आहे? सूर स्वच्छ आहे?”

“आहे.”

“म्हणजे पहिलाच आकडा गेला,” ते म्हणाले. दाराशी जाऊन ते थांबले. “सफियाला लागतं का हो?”

“लागतं, साहेब.”

“तुम्हाला कसं ठाऊक? तुम्हाला तर लागत नाही.”

या प्रश्नातला तर्क निर्दोष होता. प्रयोगशाळेतल्या दुपारी सांगितल्या असत्या तर उत्तर देता आले असते. परंतु त्या सांगण्याचा अधिकार तिचा होता.

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे आले. पेन्सिली सरसावल्या. त्यांनी कोणताही मजकूर समोर ठेवला नव्हता. चावीवर हात ठेवून ते जरा वेळ बसले आणि मग त्यांनी पाठवायला सुरुवात केली. ते फार लहान होते. एरवीच्या धड्याच्या दहाव्या हिश्शाएवढेही नव्हते. मी एकही शब्द जुळवू शकलो नाही. मान वळवून मी शेवटच्या बाकाकडे पाहिले. सुर्वेही तिकडेच पाहत होते, अर्थात वेगळ्या कारणाने. सफियाने पहिल्या काही अक्षरांनंतर पेन्सिल खाली ठेवली होती आणि कागद उलटा केला होता. हात मांडीवर होते. ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

“रिपोर्ट?” साहेबांनी विचारले. त्या दिवशी त्यांचा आवाज मोठा होता.

“पाच नऊ नऊ, साहेब,” सुर्वे म्हणाले. “आज तर एकदम खणखणीत.”

“पाच नऊ नऊ.”

“पाच नऊ नऊ.”

“मला काही लागलं नाही, साहेब,” मी म्हणालो.

“प्रोफेसर, तुम्ही कानात कापूस घालून येता का?” सुर्व्यांनी विचारले आणि डॉक्टर हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. मग पुढे झुकून त्यांनी शेवटच्या बाकाला विचारले, आणि नाव घेण्याआधी ते थांबले.

“सफिया? रिपोर्ट?”

तिने भिंतीवरची नजर साहेबांकडे वळवली.

“पाच नऊ नऊ, अब्बा.”

साहेबांनी चावीची तार सोडवली. ती गुंडाळून चावीसकट खिशात घातली. “आज एवढंच,” ते म्हणाले. त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. डोळ्यांना त्रास होतो, असे कळवले. सुर्व्यांनी मंडळातर्फे फळे पाठवली.

सफिया मुंबईला जाऊन आली आणि नापास झाली. उरलेल्या थोड्या दिवसांत ती पुन्हा माझ्या कॅसेटी ऐकायला आली होती, पण कानात यंत्राचा आणि वडिलांचा असे दोन्ही हात एकमेकांवर चढले होते आणि तिचा पहिलाच ताव अर्धा रिकामा गेला. मंडळात सर्वांना आश्चर्य वाटले. सुर्वे म्हणाले, वशिल्याशिवाय काही होत नाही. डॉक्टर म्हणाले, मुंबईची हवा. साहेबांच्या हातावर शिकलेला आमच्यापैकी कोणीच परीक्षेत टिकला नसता, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. बाकीच्यांपैकी परीक्षेला बसायचे कोणाच्या मनात नव्हतेच.

मी कधीमधी राजिवड्याला साहेबांकडे जात असे. आजार तोवर उघड झाला होता. पेल्याऐवजी वाटी आणि चमचा आला होता. एकदा सफिया कामावर असताना ते आपण होऊन बोलले.

“तुमचं यंत्र खरं होतं, शेट्ये. पण मला खात्री करायची होती. त्या शेवटच्या रविवारी मी एक गोष्ट विचारली होती चावीवर. कुणासाठी नव्हती, सफियासाठी होती. म्हटलं, बाकीचे शिष्टाचाराचे लोक, हिला लागत असेल तर ही काहीतरी वेगळं बोलेल.”

“मग?”

“पाच नऊ नऊ म्हणाली.” ते हसले. “तिनं तर पेन्सिलसुद्धा खाली ठेवली होती. म्हणजे इतकी वर्षं तिलाही लागत नव्हतं. माझे मजकूर पाठ होते, म्हणून कागद भरत होता. नवं पाठवलं त्या दिवशी ‘पुन्हा’ म्हणाली, आठवतं? तेव्हाच मला शंका आली.”

“साहेब, तुम्ही तिला विचारलंत का?”

“विचारलं ना. उत्तर मिळालं.” त्यांनी चमचा वाटीत ठेवला. तो वाटीच्या काठावर वाजत राहिला. “परीक्षेनंतर मी तिला सांगितलं, बेटा, कान सगळ्यांना नसतो. त्यात तुझी चूक नाही. मीच उगाच आशा लावली. नाहीतर तिनं आधीच दुसरं काही बघितलं असतं.”

मी त्यांना प्रयोगशाळेतल्या कागदांबद्दल सांगितले. तिच्या कानासारखा कान मी पाहिला नाही, हेही सांगितले. ते दयाळूपणे ऐकत राहिले.

“तुम्ही चांगले आहात,” ते म्हणाले. “तुम्हीही शिकलात शेवटी, पाच नऊ नऊ द्यायला.”

ते गेले तेव्हा शोकसभा माडीवरच झाली. सुर्व्यांनी भाषण केले. साहेबांचा हात शेवटपर्यंत मोत्यासारखा होता, असे ते म्हणाले. तसे मानायला त्यांना खरोखरच काही अडचण नसावी. त्यांनी तो कधी वाचला नव्हता.

काही आठवड्यांनी मी बर्फाच्या कारखान्यात गेलो. खिडकीवर दोन-तीन खलाशी होते. सफियाने मला आतल्या बाजूला स्टूल दिले आणि टोकने देता देता बोलत राहिली. घराचे, औषधांच्या उरलेल्या बाटल्यांचे, चावी मंडळाला द्यावी की काय याचे. मग मध्येच म्हणाली, “त्या रविवारी अब्बांनी काय पाठवलं होतं, तुम्हाला शेवटपर्यंत लागलं नाही ना?”

“नाही.”

“इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत होतं. ‘सफिया, हात गेला आहे. कळत असेल तर सांग. मी थांबतो.’ एवढंच.”

आत यंत्राने एक लादी घेतली आणि थोडा वेळ काही ऐकू आले नाही.

“माझं नाव लागल्याबरोबर मी कागद उलटा केला,” यंत्र थांबल्यावर ती म्हणाली. “सुर्वे नेहमीसारखे माझ्या कागदाकडे बघत होते. सगळ्यांना कळलं असतं.”

“आणि उत्तर?”

“थांबतो म्हणाले. थांबून काय करणार होते? तुम्ही आठवड्यातून एकदा बघत होता त्यांना. तो शर्ट शनिवारी संध्याकाळपासून खुंटीला लावलेला असायचा. म्हणून म्हटलं, पाच नऊ नऊ. म्हटलं, समजतील. मला लागलंय आणि तुम्ही थांबू नका.” तिने एका खलाशाला टोकन दिले. “तरी थांबलेच. का, ते कधी बोलले नाहीत. तुमच्याशी बोलले होते का?”

मला उत्तर ठाऊक होते. ते बदलावे का, याचा विचार करण्याइतका वेळही मी घेतला. मग मी ते होते तसे सांगितले.

“त्यांना वाटलं, तुम्हालाही लागलं नाही.”

“मला?”

“पेन्सिल खाली होती. आणि मग तुम्ही सगळ्यांनी दिलं तेच दिलंत. लागलेल्यात आणि न लागलेल्यात त्यांना फरक कसा कळणार?”

ती गठ्ठ्यावरच्या टोकनाचा कोपरा दुमडत राहिली. “म्हणून ते म्हणाले, कान सगळ्यांना नसतो,” ती म्हणाली. “मला वाटलं, समजूत काढतायत.”

तिने भिंतीवरच्या घंटेच्या बटणावर बोट ठेवले आणि दाबायला सुरुवात केली. आत घंटा वाजू लागली. लांब, आखूड, मग आखूडांची एक न संपणारी रांग, अडखळणे, पुन्हा रांग. मी इतक्या वर्षांनी मोर्स चांगली वाचत होतो. साहेबांचा हा हात मात्र मी कायमोग्राफवर पाहिला होता, वाचला कधीच नव्हता. तिने तो थरथरीसकट उचलला होता. आतून हमाल ओरडला, “काय गो, किती लाद्या म्हणतंस? एक काय ते सांग.”

तिने बोट उचलले आणि माझ्याकडे वळून पाहिले.

“रिपोर्ट?”

“लागलं नाही,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग आत ओरडून सांगितले, “काही नाही रे, चुकून लागली,” आणि खिडकीकडे तोंड करून पुढच्याला बोलावले.